कालव्याच्या काठाकाठानं

इथं मिनेसोटात, ईडन प्रेरीला पानं पिकायला लागली की मला डिझेलचा वास येतो. इथल्या हवेत तसा काही वास नसतो. माझ्या अपार्टमेंटच्या खिडकीतून तळं दिसतं, तळ्याभोवतीची मेपलची झाडं दिसतात. त्यातलं एखादं घायकुतीला आल्यासारखं सगळ्यांच्या आधी लाल होतं. त्याच्याकडे बघता बघता नाकात डिझेल, ओलसर ब्लँकेटांचा कुबट वास आणि त्या दोन्हींना पुरून उरणारी हिंगाची फोडणी, असं सगळं एकदम येतं. शरद ऋतूत लोकांना कविता सुचतात म्हणे. मला हे सुचतं.

परवा त्यात भर म्हणून मिनूनं फोनवर एक चित्र पाठवलं. मिनू म्हणजे माझी मुलगी मीनल. टेक्सासात, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला डॉक्टर आहे. चित्रात एक कालवा होता, आरशासारखा स्वच्छ. त्यात एक लांबोडकी हिरवी होडी, खिडक्यांना पांढरे पडदे, टपावर जिरेनियमच्या कुंड्या. एक जोडपं खुर्च्यांवर रेलून बसलेलं, हातात काचेचे पेले. दोन्ही काठांना लाल-पिवळी झाडं आणि तीच झाडं पाण्यात उलटी. खाली मिनूनं लिहिलं होतं, "आई, रिमेंबर? बेस्ट व्हेकेशन ऑफ माय लाइफ."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माणसाच्या आठवणीला काय म्हणावं ते मला कळत नाही. ज्या सहलीत हिचा बाप सकाळ-संध्याकाळ इंजिनाच्या भोकात डोकं घालून बसला होता, जिथं आमचं पाणी संपलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या आईवर रुसून एका खुंटाला बांधलेल्या होडीत बसून राहिले होते, ती हिची सगळ्यात सुंदर सुट्टी. मग मी ते चित्र मोठं करून करून पाहिलं. चित्रातल्या होडीचं इंजिन ऐकू येत नाही, हीच सगळी गंमत आहे.

आमच्याही सहलीची सुरुवात असल्याच एका चित्रानं झाली होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला, रॉचेस्टरच्या एका उपनगरात राहत होतो. सुधीर, माझा नवरा, एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दाताच्या डॉक्टरकडे भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर कालवा, होडी, मेपल, धुकं. दाढ बधिर झालेली असताना माणसाला कुठलंही चित्र फार शांत वाटतं. सुधीरला म्हटलं, तर तो म्हणाला, "अगं, हा ईरी कालवा म्हणजे आपल्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. आपण रोज पुलावरून त्याला ओलांडतो, यार." खरंच, रोज ओलांडत होतो, आणि खाली बघायची फुरसत कधी झाली नव्हती.

माझी आई त्या वर्षी जूनमध्ये आमच्याकडे आली होती. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि मी एकुलती. बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. माझं सगळं लहानपण फलटणच्या बाजूला, कालव्याकाठच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं तेही कालव्यालाच लागून. त्या घरात आई आता एकटी राहत होती. तिनं इथं आमच्याजवळ कायमचं राहावं, एवढी एकच गोष्ट मला त्या उन्हाळ्यात हवी होती. परतीचं तिकीट ऑक्टोबरअखेरचं होतं. ते कॅन्सल करायचं, बाकीचे सोपस्कार सुधीर बघणार. फक्त तिनं हो म्हणायचं होतं, आणि मला विचारायचा धीर होत नव्हता.

"घरात विचारलंस तर नाहीच म्हणतील," सुधीर म्हणाला. "लेकीकडे राहायचं म्हणजे आधीच त्यांना अवघड वाटतंय. त्यांना कुठंतरी निवांत घेऊन जाऊ आणि मग विचार."

मग कॅलेंडरमधली होडी आठवली. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसायलाच लागलं. आई टपावर खुर्चीत बसलीय, पायांवर शाल, हातात चहा. काठानं झाडं हळूहळू मागे सरकतायत. जन्म कालव्याच्या काठावर काढलेल्या बाईला पुन्हा कालवा दिसतोय. मी तिच्या पायाशी बसून म्हणते, "आई, राहा ना इथंच." आणि ती झाडांकडे बघत म्हणते, "बरं." इतकं सोपं. होडी आठवड्याच्या भाड्यानं मिळत होती, आणि ऑक्टोबरातला तो हंगामाचा शेवटचा आठवडा होता.

होडी पाहिल्याबरोबर आई म्हणाली, "ही तर आगगाडीच्या डब्यासारखी आहे." आतून ती खरंच तशी होती. एका बाजूनं चिंचोळी वाट, दुसऱ्या बाजूला बाक, बाकाची रात्री खाट व्हायची. दोन शेगड्यांचा ओटा, आणि शेवटी संडास, ज्यात वळायचं झालं तर आधी बाहेर यावं लागे. खिडक्यांना पांढरे पडदे मात्र होते. होडीवाल्यानं सुधीरला सुकाणू कसं धरायचं ते दाखवलं. होडी डावीकडे न्यायची असेल तर दांडा उजवीकडे लोटायचा. सुधीरनं मान हलवली. इंजिनिअर माणूस, त्याला तत्त्व लगेच कळलं. हातांना कळायला तीन दिवस लागले, आणि तोवर दोन्ही काठांवरच्या लव्हाळ्यांशी आमची चांगली ओळख झाली.

तरी पहिली सकाळ मी विसरणार नाही. रात्री आम्ही एका गावाबाहेर खुंटाला दोर बांधून झोपलो होतो. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर काही नव्हतं, नुसतं पांढरं. धुकं पाण्यावर टेकलेलं होतं आणि पाणी कुठं संपतं ते दिसत नव्हतं. कुठून तरी रानबदकं बोलत होती. एक पिवळं पान आलं, खिडकीच्या काचेला चिकटलं आणि तसंच राहिलं. आई माझ्या आधी उठून पुढच्या दारात बसली होती, डोक्याला मिनूची लाल लोकरीची टोपी, अंगावर सुधीरचा स्वेटर, खाली नऊवारी. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती पाण्याकडे बघत होती. मला वाटलं, आता विचारावं.

तेवढ्यात तिनंच विचारलं, "शैले, हे पाणी कुणाच्या रानाला जातं?"

"कुणाच्याच नाही गं. हे नुसतं होड्यांसाठी."

"नुसतं होड्यांसाठी?" तिनं टोपी कानांवर ओढली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं." तिला त्यात वाईट वाटलं की मौज, ते मला कळलं नाही. तेवढ्यात मागच्या बाजूला इंजिन खाकरलं, धूर आला आणि धुकं कुठलं नि धूर कुठला ते समजेना. विचारायचं राहून गेलं.

मग दुसऱ्या दिवशी पाणी संपलं. होडीवाल्यानं बजावून सांगितलं होतं की टाकी आठवडाभर पुरते, जपून वापरा. त्याच्या हिशेबात रोजची आंघोळ नव्हती. तांदूळ तीन पाण्यांनी धुणं नव्हतं, लुगडं रोजच्या रोज पिळून वाळत घालणं नव्हतं, आणि संडासात तांब्या घेऊन जाणारी माणसं तर त्याच्या स्वप्नातही आली नसतील. परिणाम असा झाला की होडीतली चांगल्या पाण्याची टाकी रिकामी झाली आणि घाण पाण्याची काठोकाठ भरली, दोन्ही एकाच दिवशी. सुधीरनं नकाशा काढला. पुढचं गाव दीडेक मैलावर होतं, तिथं दोन्हींची सोय होती. पण नेमकं तेव्हाच इंजिनानंही अंग टाकलं. सुधीर झाकण उघडून आत शिरला. आतून एक मराठी शिवी आली आणि मग "सॉरी, आई" असं ऐकू आलं.

"असू द्या, सुधीरराव," आई म्हणाली. तिनं ओट्याखालून दुधाचे दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन काढले, मॉलमधून आणलेले कॅनव्हासचे बूट घातले, काष्टा सारखा केला आणि कुणाला काही कळायच्या आत होडीतून काठावर उतरली. उतरली म्हणजे ढांग टाकली. मी त्या जागेवरून उतरताना दोन वेळा सुधीरचा हात मागत असे.

"अगं, कुठं चाललीस?"

"पाणी आणते. कालव्यावर राहून तहानलेलं बसायचं म्हणजे शोभतं का?"

"आई, तुला रस्ता माहीत नाही. इंग्रजी येत नाही तुला."

"रस्ता काय माहीत करून घ्यायचा? कालव्याच्या काठाकाठानं जायचं. हा काय मध्येच दुसरीकडे वळणार आहे?"

त्या कालव्याच्या कडेनं एक खडीची पायवाट आहे. पूर्वी खेचरं त्या वाटेनं चालत, दोरानं होड्या ओढत. आता लोक सायकली चालवतात, कुत्री फिरवतात. त्या वाटेवरून आई दोन्ही हातांत एकेक कॅन घेऊन निघाली. दोन्ही बाजूंनी मेपल, वाटेवर पिवळ्या पानांचा थर, मध्ये हिरवं नऊवारी आणि लाल टोपी. ती लहान लहान होत गेली आणि वळणाला दिसेनाशी झाली. मिनू टपावर उभी राहून ओरडली. तिला मराठीत बोलायचा तेव्हा फार कंटाळा. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असाच घरचा रिवाज होता. पण आजीला इंग्रजी येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती तोंडाभोवती हात धरून ओरडली, "आजी, पुढच्या पुलापाशी थांब!"

"थांबते गं," वळणापलीकडून आवाज आला.

मी त्या तासाभरात काय काय कल्पना केल्या ते लिहायला नको. इंजिन सुरू झालं तेव्हा सुधीरला मी धड विचारही करू दिला नाही. पूल दिसला तेव्हा खाली बाकावर आई बसलेली होती. दोन्ही कॅन भरलेले. शेजारी एक गोरी म्हातारी, तिच्या हातात थर्मास, आणि आईच्या पदरात सफरचंदं. त्या भागात सगळ्या सफरचंदांच्याच बागा. म्हातारीच्या नळावर आईनं पाणी भरलं होतं, म्हातारीनं तिला बागेत नेलं होतं, पडलेली फळं दोघींनी वेचली होती, आणि कॉफी पिऊन झाली होती. कुठल्या भाषेत, ते देव जाणे. म्हातारी मला म्हणाली, "युअर मदर इज गुड कंपनी." आई मला म्हणाली, "हिचे गुडघे दुखतात. मी ओव्याचं सांगितलंय." ओवा तिनं कसा सांगितला असेल, ते मी विचारलं नाही.

ती सफरचंदं आंबट होती. आईनं त्यांच्या फोडी करून, मेथीची फोडणी देऊन, गूळ नव्हता म्हणून ब्राउन शुगर घालून मेथांबा केला. पोळीशी तो इतका छान लागला, की पुढं आयुष्यभर मी ऑक्टोबरात तो करत आले. अजून करते. फक्त कालव्यावर शिजला तसा पुन्हा कधी झाला नाही, हेही खरं आहे.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आई होडीत बसेचना. सकाळी पोळ्या लाटून झाल्या, भाजी झाकून ठेवली, की बूट चढवायची. "मी होते पुढं. तुम्ही या सावकाश." सावकाश तर आम्ही होतोच. सुधीर भीतीनं होडी अशी चालवायचा की पी हळद आणि हो गोरी म्हणणाऱ्यालासुद्धा संयम शिकता यावा. आई काठानं आमच्या बरोबरीनं चालायची, मग पुढं निघून जायची. कधी झाडाखाली बसलेली दिसायची, कधी कुणाच्या कुत्र्याशी बोलताना. आणि दर वेळी मिनूचं ते एक मराठी वाक्य पाण्यावरून जायचं, आणि दर वेळी पुढच्या पुलापाशी लाल टोपी दिसायची.

त्या कालव्यावरचे काही पूल उचलायचे आहेत. होडीनं भोंगा वाजवला की पुलावरची गाड्यांची वाहतूक थांबते, घंटा वाजते आणि अख्खा रस्ताच्या रस्ता वर उचलला जातो. एका गावात आमच्यासाठी असा पूल उचलला गेला. दोन्ही बाजूंना गाड्या खोळंबल्या. गाडीतली माणसं उतरून कठड्यापाशी आली. आमच्या टपावर त्या दिवशी आईचं लुगडं वाळत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नऊच्या नऊ वार, जांभळं, जरीच्या काठाचं. ऊन पडलेलं होतं आणि वाऱ्यानं ते फुगत होतं. लोकांनी हात हलवले. एका बाईनं कॅमेरा काढला आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाली, "लुक हाऊ पीसफुल."

त्या क्षणी सुधीरच्या कोपरापर्यंत ऑइल होतं. मिनूला उलटी झाली होती. मी बादलीत कालव्याचं पाणी घेऊन ती पुसत होते. आणि त्या बाईच्या घरी कुठल्याशा आल्बममध्ये आज आम्ही आहोत, एखाद्या कॅलेंडरइतके सुंदर. दुरून डोंगर साजरे म्हणतात. आपणही कुणाचे तरी दूरचे डोंगर असतो, हे मात्र आपल्याला क्वचित कळतं. आई तेव्हा त्याच पुलापाशी त्या लोकांमध्येच उभी होती. तिनंही हात हलवला.

आठवडा संपत आला तरी मी विचारलं नव्हतं. विचारणार कुणाला? टपावर खुर्ची होती, शाल होती, चहा करता येत होता, झाडं मागे सरकत होती, आणि ज्या बाईसाठी हे सगळं मांडलं होतं ती काठावरून चालत होती. शेवटी मीच होडीतून उतरले. सुधीरचा हात धरून उतरले, आणि तिला गाठायला मला जवळजवळ पळावं लागलं.

वाटेवर पानांचा खच होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेल्यामुळं पाय टाकला की आवाज यायचा नाही. आई एका लयीत चालत होती, हात मागे बांधून. मी लहान असताना बाबा कालव्याच्या भरावावरून फेरीला निघत, तेव्हा तेही असेच हात मागे बांधून चालत. थोडा वेळ मीही तशीच तिच्या शेजारून चालले. होडीचा आवाज मागं राहिला होता.

"आई, जाऊ नकोस," मी म्हटलं. "इथंच राहा. तिकीट कॅन्सल करू."

ती थांबली नाही. "मला वाटलंच होतं, तू विचारणार म्हणून."

"मग?"

"तुझ्या घरी मला काही कमी नाही. सुधीरराव पोटच्या पोरापेक्षा बरे आहेत. मिनूला सोडून जायचं म्हणजे जिवावर येतं माझ्या." मग म्हणाली, "पण शैले, चार महिने झाले. एकदा तरी मी एकटी तुझ्या घराबाहेर पडले का?"

"तुला कुणी अडवलंय का? कुठं जायचं ते सांग. मी नेते ना. कुठंही, कधीही."

"तेच. नेतेस. देवळात नेतेस, दुकानात नेतेस, जोशीकाकूंकडे नेऊन सोडतेस आणि परत आणतेस. तिकडं मी उठते नि भरावानं बाजारात जाते. वाटेत दमले तर बसते. मध्येच मनात आलं तर परत फिरते. इथं मनात आलं की तुझी सुट्टी बघायला लागते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती ते हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होती. "हे पाच-सहा दिवस मी चालले, तेव्हा मला कळलं मला काय होत होतं. तोवर मला वाटायचं, तुझे बाबा गेले म्हणून होतंय."

मला रडू आलं. "मग इथं घर घेऊ," मी म्हटलं. "या काठाला. तू रोज चाल."

ती हसली. "आणि थंडीत? थंडीत या कालव्यातलं पाणी काढून टाकतात म्हणे. सुधीरराव सांगत होते."

मी परत होडीत गेले आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाही. माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही पुरतं वाटत नाही. मी तिच्यावर माया करत होते आणि या देशात माया चार चाकांवरूनच करता येत होती. आईनं रात्री मला उरलेला मेथांबा वाढला. माझ्या ताटात जास्त वाढला, एवढंच.

ती ऑक्टोबरअखेरच्या विमानानं गेली. जानेवारीत एका रविवारी मी एकटीच गाडी काढून कालव्यावर गेले. खरंच पाणी काढून टाकलं होतं. तळाशी चिखल, त्यावर बर्फाचे पापुद्रे, एक टायर आणि दुकानातली सामानाची ढकलगाडी, चाकं वर करून पडलेली. खुंट तसेच होते, ज्यांना आम्ही दोर बांधले होते. वाटेवर कुणाची पावलं नव्हती. घरी येऊन मी आईला फोन लावला. शेजाऱ्यांकडे फोन होता, तिला बोलावून आणेपर्यंत वाट बघायला लागायची. ती आली ती धापा टाकतच आली. "अगं, कालव्यावर होते," म्हणाली. "इकडं पाणी सुटलंय. गव्हाला पाणी चाललंय सगळ्यांच्या." मागं कुठं तरी लोक बोलत होते, कोंबडं आरवत होतं. मी तिला आमच्या कालव्याचं काही सांगितलं नाही.

तिच्या त्या स्वातंत्र्याचंही मी मनात कॅलेंडर करून ठेवलेलं आहे, हे मला माहीत आहे. भराव, बाभळी, पाण्यावरचं ऊन आणि हात मागे बांधून चालणारी आई. खरं काय ते वेगळं होतं. तिला मोतीबिंदू झाला. एका पावसाळ्यात घर गळलं. दिवाळीला दाराशी एक पणती लावून ती एकटी जेवायची, हे शेजारणीनं मला पुढं सांगितलं, तिनं कधी नाही. आणि बऱ्याच वर्षांनी ती एका सकाळी भरावावर घसरून पडली. कुणाचं तरी लक्ष जाईपर्यंत ऊन वर आलं होतं. मी पोचले तेव्हा तिनं मला ओळखलं, हात धरला, आणि चार दिवसांनी गेली.

आता सुधीर नाही. आम्ही त्याच्या नोकरीपायी मिनेसोटात आलो आणि तो गेल्यावरही मी इथंच राहिले. या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरनं मला गाडी चालवायला मनाई केली. मिनू भेटायला आली होती, तेव्हा मी फारशी कुरकुर न करता किल्ली तिच्या हातात दिली. तेव्हापासून तिचं एकच चाललंय, की आई, शुगर लँडला ये. घर मोठं आहे, खालची खोली तुझी. होडीचं ते चित्रसुद्धा तिनं उगाच पाठवलं नव्हतं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"आई, लेट्स डू इट अगेन. आपण दोघी. बोट रेंट करू. आणि मग तू तिकडून माझ्याबरोबर डायरेक्ट ह्यूस्टनला ये. फॉर गुड."

मला हसू आलं. पोरीनं विचारण्याआधी होडीच शोधली होती. "मिनू, तुझ्या घरातून पायी निघालं तर कुठं पोचता येतं?" मी विचारलं.

"पायी?" तिनं खरंच विचार केला. "आई, इट्स टेक्सस. साइडवॉक संपतोच आमचा. आणि केवढी ह्युमिडिटी. पण मी तुला ड्राइव्ह करीन ना. एनीव्हेअर. एनी टाइम."

कुठंही, कधीही. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तळ्याच्या कडेनं एक वाट जाते ती लायब्ररीपाशी निघते. लायब्ररीच्या पुढं एक छोटं दुकान आहे, तिथं दूध मिळतं, ब्रेड मिळतो, आणि काउंटरवरची बाई मला नावानं ओळखते. थंडीत ती वाट बंद पडते, तेव्हा मी खिडकीत बसते. हे सगळं मी मिनूला सांगितलं. काष्टा घालून होडीतून ढांग टाकणाऱ्या तिच्या आजीचंही सांगितलं, त्या वाटेवर आजी मला काय म्हणाली तेही. मिनूला तो संवाद कधीच माहीत नव्हता. तिला वाटायचं, आजीला चालायला आवडतं म्हणून ती चालत होती.

ती डॉक्टरच्या आवाजात म्हणाली, "पण आई, आजी पडली तेव्हा एकटी होती. शी वॉज अलोन."

"हो," मी म्हटलं. "एकटी होती. बाजारातून येत होती. पिशवीत मेथीची जुडी होती."

मला तिची माया दिसत होती. मी त्याच जागेवर उभी राहिलेली आहे, मला ती पुरती ठाऊक आहे. आज ना उद्या मला तिच्याकडे जावं लागेल, हेही मला ठाऊक आहे. हा हिवाळा मी इथं काढते, असं मी तिला म्हटलं. पुढचं पुढं. रोज निघताना फोन करीन, परत आल्यावर करीन.

ती नाक ओढत होती. मी फोन ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आई."

"काय गं?"

आणि माझी पन्नाशीकडे झुकलेली मुलगी, जिला मराठीत बोलायचा अजून कंटाळा आहे, एकेक शब्द नीट लावून म्हणाली, "पुढच्या पुलापाशी थांब."

"थांबते गं," मी म्हटलं.